‘नाही’ म्हणण्याची किंमत

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ही म्हण जमीनजुमल्याच्या दाव्यांना लागू पडते. फौजदारी खटल्यातील आरोपीला पायरी चढायची की नाही, हे ठरवण्याची मुभाच नसते. त्याला पोलीस घेऊन येतात. तो पिंजऱ्यात उभा राहिला, की त्याला आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ आपल्या नाटक-सिनेमांत या प्रश्नाला नायक ताठ मानेने ‘नाही’ म्हणतो आणि तेथून खरी गोष्ट सुरू होते. अमेरिकेत मात्र बहुतेक वेळा गोष्ट याच प्रश्नापाशी संपते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली एका निकालपत्रात नोंदवले, की केंद्रीय न्यायालयांत होणाऱ्या शंभर दोषसिद्धींपैकी ९७ आणि राज्यांच्या न्यायालयांत ९४ या आरोपीच्या स्वतःच्या कबुलीवर झालेल्या असतात. साक्षीपुरावा नाही, उलटतपासणी नाही, ज्यूरी नाही.

ही कबुली बहुधा फुकट दिलेली नसते. सरकारी वकील म्हणतो, तू गुन्हा कबूल कर, मी आरोप सौम्य करतो किंवा कमी शिक्षेची शिफारस करतो. आरोपी हो म्हणतो आणि खटला मिटतो. इंग्रजीत याला ‘प्ली बार्गेनिंग’ म्हणतात. आपण कबुलीचा सौदा म्हणू. आपल्या देशातही ५ जुलै २००६ पासून काही गुन्ह्यांपुरता तो कायद्याने मान्य झाला आहे.

माणूस हा सौदा का स्वीकारतो? सरळ उत्तर असे, की त्याने गुन्हा केलेला असतो म्हणून. पुष्कळदा ते खरेही असते. पण इतिहास वाचताना मला पुनःपुन्हा असे दिसले, की हे उत्तर पुरेसे नाही. गुन्हा केलेला माणूस ‘नाही’ म्हणून लढतो आणि न केलेला ‘हो’ म्हणून मोकळा होतो, असेही घडते. मग ठरवते कोण? माझे उत्तर असे, की ‘हो’ म्हटल्यावर काय मिळते यापेक्षा ‘नाही’ म्हटल्यावर काय वाट्याला येते, यावर ते ठरते. हे पटवण्यासाठी मी तुम्हाला थोडे मागे नेणार आहे.

साल १६९२. आज अमेरिकेत असलेला मॅसॅच्युसेट्स हा प्रदेश तेव्हा इंग्रजांची वसाहत होता. तेथल्या सेलम गावात काही मुलींना झटके येऊ लागले आणि हे चेटकिणींचे काम आहे, असा बोभाटा झाला. बघता बघता दीडशेहून अधिक लोकांवर चेटकाचा आरोप आला. पहिल्या आरोपींपैकी टिटुबा ही धर्मोपदेशकाच्या घरातील गुलाम स्त्री. तिने कबुली दिली. ती वर्षभराहून अधिक काळ तुरुंगात खितपत पडली, पण जिवंत राहिली. रिबेका नर्स ही ७१ वर्षांची, गावात मान असलेली बाई. तिने शेवटपर्यंत आरोप नाकारला. ज्यूरीने आधी तिला निर्दोष ठरवले, मग न्यायाधीशांच्या सांगण्यावरून फेरविचार केला, आणि १९ जुलैला तिला फाशी झाली. सॅम्युएल वॉर्डवेल या माणसाने प्रथम कबुली दिली, नंतर मन खाऊ लागले म्हणून ती मागे घेतली. २२ सप्टेंबरला तोही फासावर गेला. ऐंशी ओलांडलेल्या गाइल्स कोरीने खटल्याला उभे राहायलाच नकार दिला, तेव्हा त्याच्या अंगावर दगड रचत गेले आणि त्या भाराखाली तो मेला. एकूण १९ जणांना फाशी झाली. कबुली देऊन तीवर ठाम राहिलेला एकही माणूस त्यांच्यात नव्हता.

सेलममध्ये कोणी कोणाशी लेखी करार केला नव्हता. कबुली देणाऱ्याकडून आणखी नावे काढायची म्हणून त्याला जिवंत ठेवले जात होते. पण काही आठवड्यांतच लोकांना हिशेब कळला : नाही म्हणणारा मरतो, हो म्हणणारा वाचतो. पन्नासाच्या आसपास लोकांनी आपण चेटूक केल्याचे कबूल केले. आज आपल्याला ठाऊक आहे, की मुळात चेटूक नव्हतेच. म्हणजे कबुली देणारे आणि न देणारे, दोघेही सारखेच निर्दोष. इतका स्वच्छ दाखला इतिहासात क्वचित मिळतो. कोणी कबूल केले, यावरून कोणी गुन्हा केला हे तेथे मुळीच कळत नव्हते. कोणाला मरणाची भीती अधिक आणि कोणाला खोटे बोलण्याची, एवढेच कळत होते.

यावरून जुनी इंग्रजी न्यायपद्धती अशा सौद्यांवरच चालत होती, असे कोणाला वाटेल. तसे नव्हते. अठराव्या शतकापर्यंत इंग्लंडमधील न्यायाधीश कबुली घ्यायला नाखूश असत. विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडितांनी १७६९ साली नोंदवून ठेवले आहे, की आरोपीने गुन्हा कबूल केला तर न्यायालय ती नोंद करायला कचरते आणि त्याला कबुली मागे घेण्याचा सल्ला देते. १८०४ साली मॅसॅच्युसेट्समध्ये बॅटिस नावाच्या वीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणावर बलात्कार आणि खुनाचा आरोप होता. त्याने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी त्याला परिणाम समजावून सांगितले, विचार करायला वेळ देऊन परत पाठवले, पुन्हा आणून पुन्हा विचारले. तरी तो कबूलच म्हणाला, तेव्हा तुरुंगाधिकारी वगैरेंना शपथेवर विचारून याला कोणी लालूच किंवा धाक दाखवलेला नाही ना, याचा शहाण्यासवरत्या माणसासारखा तपास केला. मगच कबुली नोंदवली.

न्यायाधीशांना ही चैन परवडत होती, याचे कारण साधे आहे. त्या काळी खटले झटपट उरकत. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात एका दिवसात डझनाहून अधिक खटले ज्यूरीपुढे चालून निकाली निघत. दोन्ही बाजूंना बहुधा वकीलच नसत. पुढे वकील आले, पुराव्याचे नियम आले, उलटतपासण्या आल्या, ज्यूरी निवडण्यात दिवस जाऊ लागले. आरोपीच्या संरक्षणासाठी केलेल्या या गोष्टी चांगल्याच होत्या. पण त्यामुळे खटला लांब आणि महाग झाला. जॉन लँगबाइन या कायद्याच्या इतिहासकारांनी १९७८ मध्ये एक तुलना केली, ती पुष्कळांना झोंबली. मध्ययुगीन युरोपात दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार किंवा आरोपीची कबुली, याशिवाय गंभीर शिक्षा देता येत नसे. नियम आरोपीच्या भल्याचा. पण दोन साक्षीदार मिळणार कोठून? म्हणून कबुली काढण्यासाठी छळ सुरू झाला. लँगबाइन म्हणतात, अमेरिकेत खटला इतका अवघड करून ठेवला, की तेथेही कबुली मिळवणे भाग पडले. आता हाडे मोडत नाहीत, फक्त नकार देणाऱ्याची शिक्षा वाढवतात.

सौद्याची सुरुवात मात्र खुनासारख्या मोठ्या गुन्ह्यांपासून झाली नाही. ती दारूपासून झाली. जॉर्ज फिशर या अभ्यासकाने मॅसॅच्युसेट्सच्या मिडलसेक्स काउंटीची जुनी दफ्तरे धुंडाळून हे दाखवले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे विनापरवाना दारू विकणाऱ्यांवर खटले होत. कायद्याने प्रत्येक आरोपाला दंड ठरवून दिलेला. न्यायाधीशाच्या हातात फारसे काही नाही. सरकारी वकील एकाच दुकानदारावर तीन-चार आरोप ठेवी आणि एक कबूल केलास तर बाकीचे सोडतो, म्हणे. दुकानदाराचा दंड वाचे, वकिलाचा वेळ वाचे. शिक्षा किती व्हावी, हा अधिकार असा हळूच न्यायाधीशाकडून सरकारी वकिलाच्या टेबलावर सरकला.

शंभर वर्षांनी पुन्हा दारूच आडवी आली. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत देशभर दारूबंदी होती. केंद्रीय न्यायालयांत खटल्यांचा एवढा महापूर आला, की काही ठिकाणी सौद्याचे दिवसच नेमले जात. त्या दिवशी रांगेने यायचे, कबूल म्हणायचे, दंड भरायचा, घरी जायचे. दारूबंदी उठली, सवय राहिली. १९७० साली सरन्यायाधीश वॉरेन बर्गर यांनी जाहीर भाषणात आकडेमोड करून सांगितले, की कबुलीचे प्रमाण ९० टक्क्यांवरून ८० वर आले, तरी दुप्पट न्यायाधीश आणि दुप्पट न्यायालये लागतील. हे गणित सोपे आहे : खटले दहाचे वीस होतात. म्हणजे व्यवस्थेलाच आता आरोपीच्या ‘हो’ची गरज होती. आणि ज्याला आपल्या होकाराची गरज असते, तो आपला नकार महाग करून ठेवतो.

किती महाग, याचे दोन दाखले सांगतो. दोन्ही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले.

हेन्री अल्फर्ड या नॉर्थ कॅरोलायनातील कृष्णवर्णीय माणसावर १९६३ साली खुनाचा आरोप आला. साक्षीदार त्याच्याविरुद्ध होते. खटला लढून हरला असता, तर मृत्युदंडाची शक्यता होती. दुसऱ्या दर्जाचा खून कबूल केला, तर जास्तीत जास्त ३० वर्षे. त्याने कबूल केले, पण न्यायालयात उभे राहून सांगितले, की मी खून केलेला नाही. मरण टाळायचे म्हणून कबूल करतो आहे. त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने ही कबुली वैध ठरवली. पुरावा भक्कम असेल आणि माणूस समजून-उमजून आपल्या हिताचा मार्ग निवडत असेल, तर ‘मी केले नाही’ असे म्हणत म्हणत तो ‘कबूल’ म्हणू शकतो, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. अशा कबुलीला तेथे आजही अल्फर्डचेच नाव आहे.

दुसरा पॉल हेज, केंटकी राज्यातला. १९७३ साली त्याच्यावर ८८ डॉलर ३० सेंटचा बनावट चेक वटवू पाहिल्याचा आरोप होता. शिक्षा दोन ते दहा वर्षे. सरकारी वकील म्हणाला, कबूल कर, पाच वर्षांची शिफारस करतो. नाही म्हणालास, तर सराईत गुन्हेगारांच्या कायद्याखाली नवा आरोप लावतो. हेजला पूर्वी दोनदा शिक्षा झालेली होती, त्यामुळे त्या कायद्याखाली शिक्षा एकच : जन्मठेप. हेज नाही म्हणाला. वकिलाने शब्द पाळला. नवा आरोप लागला, खटला झाला, हेज हरला आणि त्याला जन्मठेप झाली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारी वकिलाची बाजू उचलून धरली. आरोपी प्रस्ताव स्वीकारायला किंवा नाकारायला मोकळा असेल, तर ही नुसती देवाणघेवाण आहे, असे बहुमताने म्हटले.

मी हा निकाल पहिल्यांदा वाचला, तेव्हा ‘मोकळा’ या शब्दापाशी बराच वेळ थांबलो. गुन्हा तोच, पुरावा तोच, माणूस तोच. ‘हो’ म्हटले तर पाच वर्षे, ‘नाही’ म्हटले तर उभे आयुष्य. मधल्या फरकाला काय म्हणायचे? तो चेक वटवण्याची शिक्षा नक्कीच नव्हे. खटला मागितल्याची ती शिक्षा आहे.

आता कोणी म्हणेल, की हेजने गुन्हा केला होता. त्याच्याबद्दल एवढे वाईट का वाटून घ्यायचे? ठीक आहे. मग टेक्सासमधली एक हकिगत ऐका. १९८८ साली ऑस्टिन शहरात एका पिझ्झाच्या दुकानात एका तरुण स्त्रीवर बलात्कार करून तिचा खून झाला. पोलिसांनी क्रिस्टोफर ओचोआ या विशीतल्या तरुणाला पकडले. लांबलेल्या चौकशीत त्याच्यापुढे पुनःपुन्हा मृत्युदंडाचे नाव काढले गेले. शेवटी त्याने गुन्हा कबूल केला, मरण टळले, जन्मठेप झाली. सौद्याचा भाग म्हणून त्याने आपला मित्र रिचर्ड डान्झिगर याच्याविरुद्ध साक्षही दिली. डान्झिगरने गुन्हा नाकारला, खटला लढवला आणि हरला. त्यालाही जन्मठेप झाली. तुरुंगात त्याला दुसऱ्या कैद्याने इतके मारले, की त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. पुढे दुसऱ्याच एका कैद्याने तो खून आपण केल्याचे पत्रांतून कळवले. डीएनए तपासणीत ते खरे निघाले आणि २००१ साली ओचोआ आणि डान्झिगर दोघेही निर्दोष ठरले. ओचोआ पुढे कायदा शिकून वकील झाला. डान्झिगरला स्वतःची काळजी घेणेही अवघड होऊन बसले. एका माणसाची खोटी कबुली फक्त त्याच्यापुरती राहत नाही, हेही यातून दिसते. आणि खरा गुन्हेगार या काळात कोणी शोधतच नव्हते, कारण फाइल बंद झाली होती.

मृत्युदंड किंवा जन्मठेपेची भीती एवढीच ‘नाही’ची किंमत नसते. दुसरी किंमत वाट पाहण्याची असते आणि ती किरकोळ आरोपांत अधिक चुभते. मे २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कॅलीफ ब्राउडर या सोळा वर्षांच्या मुलाला पाठीवरची एक बॅग चोरल्याच्या आरोपावरून पकडले. सुरुवातीला जामीन तीन हजार डॉलरचा ठरला. घरच्यांना तेवढे पैसे उभे करता आले नाहीत, पुढे तर जामीनच नाकारला गेला. रायकर्स बेटावरच्या तुरुंगात तो तीन वर्षे राहिला, त्यातला बराच काळ एकांतकोठडीत. तारखेमागून तारखा पडत गेल्या. मधूनमधून सौद्याचे प्रस्ताव येत. अखेरचा प्रस्ताव असा, की दोन किरकोळ गुन्हे कबूल कर, भोगलेला तुरुंगवास हीच शिक्षा समजू, आजच घरी जा. तो म्हणाला, मी चोरी केलेली नाही, कबूल करणार नाही. पुढे आरोप मागे घेतले गेले. खटला कधी चाललाच नाही. तो सुटला, पण कोठडीने मनावर केलेल्या जखमा भरल्या नाहीत. जून २०१५ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी त्याने आत्महत्या केली. त्याच्या जागी दुसरा कोणी असता, तर पहिल्याच वर्षी ‘कबूल’ म्हणून घरी गेला असता, आणि आपण कोणीही त्याला दोष दिला नसता.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याने खरोखर गुन्हा केला आहे आणि ज्याच्याविरुद्ध पुरावा आहे, त्याला सौदा बरा वाटतो. शिक्षा किती, हे आधी कळते. वकिलाची फी वाचते. घरच्यांना रोज कोर्टात येऊन मान खाली घालावी लागत नाही. पीडित व्यक्तीलाही परक्या लोकांपुढे सगळे पुन्हा सांगावे लागत नाही. काहींना कबुलीने मनावरचे ओझे उतरल्यासारखेही वाटते. तेव्हा सौदा म्हणजे निव्वळ अन्याय, असे मी म्हणणार नाही. माझा मुद्दा एवढाच, की गुन्हेगार आणि निर्दोष दोघांपुढे तोच कागद ठेवला जातो आणि सही कोणत्या कारणाने झाली, हे कागदावर दिसत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न कसा आला, ते पाहू. १९७६ साली महाराष्ट्रातला खाद्यतेलातील भेसळीचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. व्यापाऱ्यांनी गुन्हा कबूल केला होता आणि खालच्या न्यायालयात थोडक्यात सुटले होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी यावर कडक टीका केली. व्यापाऱ्याची कैद टळते, सरकारी वकिलाची दगदग वाचते, न्यायालयाचा वेळ वाचतो. नुकसान होते ते भेसळीचे तेल खाणाऱ्या, न्यायालयात हजर नसलेल्या समाजाचे, असा त्यांचा रोख होता. चार वर्षांनी, १९८० मध्ये, गुजरातमधील तशाच एका भेसळीच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी नाण्याची दुसरी बाजू दाखवली. असा सौदा चालू दिला, तर निर्दोष माणूसही लांबलचक आणि खर्चिक खटल्याच्या भीतीने गुन्हा कबूल करील, म्हणून तो घटनाबाह्य आहे, असे त्यांनी ठरवले. एकाला चिंता होती पैसेवाला गुन्हेगार स्वस्तात सुटण्याची, दुसऱ्याला निर्दोष गरीब अडकण्याची. भगवतींना ही भीती पुस्तकातून सुचली नव्हती. आदल्याच वर्षी, १९७९ मध्ये, हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांतले असे कच्चे कैदी त्यांच्यापुढे आले होते, की गुन्हा सिद्ध झाला असता तरी झाली नसती इतकी कैद त्यांनी खटल्याविनाच भोगली होती.

तरीही खटले तुंबतच गेले. विधी आयोगाने १९९१ च्या अहवालात सौद्याला अनुकूल मत दिले, २००३ साली मळीमठ समितीने दुजोरा दिला, आणि संसदेने कायदा केला. त्यात काळजी बरीच घेतली होती. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचेच गुन्हे. स्त्रिया, चौदा वर्षांखालील मुले आणि देशाची सामाजिक-आर्थिक स्थिती यांच्याशी संबंधित गुन्हे वगळलेले. अर्ज आरोपीनेच करायचा. न्यायाधीशाने त्याला एकट्याला बसवून, हे स्वखुशीने आहे ना, असे विचारायचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कायम आहे. पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला आणखी सवलत आहे आणि अर्जाला आरोपनिश्चितीपासून तीस दिवसांची मुदत आहे.

एवढे करूनही आपल्याकडे या मार्गाने मिटणारे खटले शंभरात एकही नाहीत. का? पुन्हा तोच हिशेब. जो आरोपी जामिनावर बाहेर आहे, त्याला ‘नाही’ म्हणायला फारसे पडत नाही. खटला दहा वर्षे चालेल, साक्षीदार पांगतील, फिर्यादी कंटाळेल. कबूल करून कपाळावर शिक्का का मारून घ्या? सरकारी नोकरी असेल तर तीही जायची. पण आत बसलेल्याचा हिशेब उलटा असतो. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे होते. ज्याच्याकडे जामीनदार नाही, ज्याची आरोपाच्या मानाने कैद आधीच भोगून झाली आहे, त्याला कबुली म्हणजे घरी जाण्याची वाट. कायदा एकच, पण कोठडीच्या आत आणि बाहेर ‘नाही’चे भाव वेगळे.

याचा ताजा दाखला २०२० सालचा आहे. त्या वर्षी मार्चमध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन भागातील मरकजचे प्रकरण गाजले. कोरोनाच्या काळात व्हिसाच्या अटी आणि साथीचे नियम मोडल्याचे आरोप ठेवून पोलिसांनी ९५५ परदेशी नागरिकांवर आरोपपत्रे दाखल केली. परका देश, परकी भाषा, विमाने बंद, आणि खटला संपेपर्यंत देश सोडता येणार नाही. जुलैमध्ये त्यांच्यातल्या बहुतेकांनी सौद्याचा मार्ग धरला. सौम्य आरोप कबूल केले, काही हजार रुपये दंड भरला आणि ते आपापल्या देशी गेले. ४४ जणांनी मात्र सांगितले, आम्ही खटला लढवतो. त्यांच्यातल्या आठ जणांना ऑगस्टमध्ये पुराव्याअभावी आरोपमुक्त केले गेले. उरलेल्या ३६ जणांना १५ डिसेंबर २०२० रोजी दिल्लीच्या न्यायालयाने निर्दोष सोडले. ते त्या काळात मरकजमध्ये हजर होते, हेच फिर्यादी पक्षाला सिद्ध करता आले नाही. इकडे महाराष्ट्रात, नगर जिल्ह्यात गुन्हे नोंदवलेल्या २९ परदेशी नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागितली होती. २१ ऑगस्ट २०२० रोजी खंडपीठाने ते गुन्हेच रद्द केले.

ज्यांनी कबुली दिली, त्यांच्याविरुद्धचा पुरावा कोणी तपासलाच नाही. तो कदाचित टिकला असता, कदाचित नसता. सरकारी दफ्तरात मात्र ते दोषी आहेत आणि ‘नाही’ म्हणून पाच-सहा महिने जास्त थांबलेले निर्दोष आहेत. दंडाच्या रकमेत आणि घरच्या ओढीत सापडलेल्या माणसांनी जे केले, ते शहाणपणाचेच होते. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही बहुधा तेच केले असते.

म्हणूनच उद्या वर्तमानपत्रात ‘आरोपीने गुन्हा कबूल केला’ अशी बातमी वाचाल, तेव्हा एवढे विचारून पाहा : तो बाहेर होता की आत? आत असेल तर किती दिवस? आणि नाही म्हटले असते, तर त्याच्या पुढ्यात काय होते? ‘हो’ आणि ‘नाही’ यांतला फरक थोडा असेल, तर ती कबुली बरीचशी खरी मानायला हरकत नाही. तो फरक पाच वर्षे आणि जन्मठेप एवढा असेल, किंवा आज घर आणि आणखी तीन वर्षे कोठडी एवढा असेल, तर त्या कबुलीवरून त्या माणसाबद्दल फारसे कळत नाही. आपल्या न्यायालयांपुढच्या तुंबलेल्या खटल्यांवर सौदा हा उपाय करायचाच असेल, तर आधी खटले लवकर चालले पाहिजेत आणि गरिबाला जामीन मिळाला पाहिजे. ‘नाही’ म्हणणे परवडत असेल, तरच ‘हो’ला काही अर्थ राहतो. १८०४ मध्ये बॅटिसला परत पाठवून पुन्हा विचार करायला लावणाऱ्या न्यायाधीशांना हे ठाऊक होते.